हरिदासांचा बॅनरवरचा फोटो

श्रीवल्ली सूनबाई,

घरी आलीस की चपलाही काढू नकोस, लांबची लेन्स घे आणि तशीच देवळात ये.

काल तू परगावी लग्नाचे फोटो काढायला गेलेलीस आणि इथे हरिकथेच्या बॅनरला हरिदासांचा फोटो हवा होता. मग तुझा जुना कॅमेरा मीच घेतला. न विचारता घेतला, रागव हवं तर. रुंद लेन्समध्ये सगळं मावतं असं तू म्हणतेस, म्हणून ती लावून अगदी त्यांच्या पायांशी बसून काढला. सगळं मावलं गं, पण पुढे नाकच नाक! समयांना किरण फुटावेत म्हणून वर तो चांदण्या पाडणारा फिल्टर लावला, तर किरण फुटले हरिदासांच्या सोन्याच्या दाताला.

आज संध्याकाळी सीताकल्याणम, सीतेच्या लग्नाची कथा, आणि हरिदास पेटी बांधून बसलेत. म्हणाले, "अम्मा, हे नाक बाहेर टांगून मी आत रामाचं रूप गाऊ? सीताच मंडपातून उठून जाईल!" फोटो बदलल्याशिवाय चिपळ्यांना हात लावणार नाहीत.

तू मागे ध्वजस्तंभापाशी उभी राहून काढ, फिल्टर नको. फ्लेक्सवाला लगेच छापून देतो म्हणालाय.

बॅनर खिळ्यांनी ठोकलाय, सुटेना, म्हणून नाक झाकायला मी त्यावर झेंडूचा मोठा हार चढवला. तेव्हापासून येणारी-जाणारी माणसं डोळे पुसत विचारतायत, "अरेरे, कधी गेले?" हरिदास बाहेर यायच्या आत पोच गं बाई!

तुझी अत्तय्या