पेटीवरून उचलायची राहिलेली मुलगी

सान इसिद्रो, इलोइलो
४ मार्च १९८५

ती. तिया पुरास,
शि. सा. न. वि. वि. आशीर्वादासाठी तुझा हात इथूनच कपाळाला लावला आहे, असं समज.

तुझे गुडघे कसे आहेत? मनिलातल्या त्या जिन्यावरून उतरणं आता सोड. इकडे सगळे बरे आहोत. तोतोला तिसरीही मुलगीच झाली. घरात आपण नन्सचा मठ काढलाय, असं तो सगळ्यांना सांगत फिरतो.

काम असं आहे. मे महिन्यातल्या गावजत्रेत या वर्षी आपल्या सिसांगचं कौतुक व्हायचं आहे. चौकात पडदा बांधून तिचा ‘धक्क्यावरची पोर’ हा सिनेमा दाखवणार आहेत. बोट सुटते आणि ती एकटी धक्क्यावर रडते, ते पाहून अजूनही बायका रुमाल शोधतात. जत्रेच्या पुस्तिकेत तिच्यावर, म्हणजे ‘बेबी मारिविक’वर एक पान हवं आहे. औषधवाल्याची बायको समितीत आहे. ती म्हणाली, कॉलेज शिकलेल्या तुम्ही, त्यात सख्खी बहीण, तुम्ही नाही लिहिणार तर कोण लिहिणार?

मी हो म्हणाले आणि तेव्हापासून अडकले आहे. पस्तीस वर्षांत आम्हा बहिणींमध्ये नाताळच्या कार्डांपलीकडे काही नाही, हे तुला माहीत आहेच. काल माझी जुनी वही काढली. दहा वर्षांची असताना, आई गेली तेव्हा लिहिलंय : ‘नानाय गेली. सिसांगसाठी शवपेटी दोन दिवस जास्त ठेवली. ती आली नाही. पेटी उचलायच्या आधी मला आणि धाकट्या तोतोला नावं घेऊन पेटीवरून पलीकडे दिलं, म्हणजे नानाय आम्हाला न्यायला परत येणार नाही. सिसांगचं नाव कुणी घेतलं नाही.’ आणि मग नवव्या दिवसाच्या प्रार्थनेचं : ‘सिसांग आली. हसत आली.’

हे पुस्तिकेत लिहिता येणार नाही, आणि हे टाळून लिहिलं तर खोटं होईल. म्हणून तुझ्याकडे येते. तू तिच्याबरोबर स्टुडिओत असायचीस. एखादी गोड आठवण सांग. आठ वर्षांची पोर सांगितल्याबरोबर इतकं खरं कशी रडायची?

तुझी,
गोरिंग


मनिला
१९ मार्च १९८५

चि. गोरिंगला,
अ. आ. गुडघ्यांचं नाव काढू नकोस. ते माझ्या आधी जातील.

आठवण कसली मागतेस, मी पेटाराभर देते. ती स्टुडिओत आली की दिवेवाले काम टाकून तिला उचलून घ्यायचे. सगळ्यांच्या चपला ओळखायची आणि लपवायची. एकदा तर डिरेक्टर अनवाणी घरी गेले.

आणि रडणं? त्यात माझी करामत होती, हे कुणी कधी छापलं नाही. डिरेक्टरने खूण केली की मी तिच्या कानाशी जायची आणि हळूच सांगायची, सिसांग, तुझी नानाय मेली. की लागलीच डोळे भरायचे. काम झालं की मी म्हणायची, छे गं वेडे, नानाय घरी मासे साफ करतेय, ही घे बर्फाची कांडी. ती कांडी चोखत हसायची. तेव्हा सगळे असंच करायचे. दुसरी एक मुलगी होती, तिला तर चिमटे काढायचे. मी कधी हात लावला नाही.

आता तू विचारलंच आहेस, आणि मी काही फार दिवसांची नाही, तर हेही घे. तार आली त्या सकाळी धक्क्यावरच शूटिंग होतं. तुझ्या बापाची तार, ‘इसाबेल गेली, लगेच निघा.’ मी डिरेक्टरला दाखवली. ते म्हणाले, पुरा, बोट रोज भाड्याने मिळत नाही, एवढं होऊ दे. त्यांनी खूण केली. माझ्या तोंडून नेहमीचंच निघालं. पोरी, त्या दिवशी मी तिला खरं सांगितलं. मला वाटलं, सांगून टाकलं, सुटले. ती रडली. दिवेवालेही रडले. मग तिने डोळे पुसले आणि कांडीसाठी हात पुढे केला.

मी काय करायचं होतं? कांडी दिली.

मग आणखी चार दिवस काम चाललं. बोटीवर सांगणार होते, पण समुद्र खवळलेला, पोर सारखी ओकत होती. घरी पोचल्यावर आपोआप कळेल, असं वाटलं. नानायसाठी तिने बिस्किटांचा डबा घेतला होता, तो घेऊन ती माझ्यापुढे पळाली.

पुस्तिकेत हे नको घालूस. लोक नावं ठेवतील. चपलांचं घाल.

तुझी मावशी,
पुरा


सान इसिद्रो
८ एप्रिल १९८५

प्रिय सिसांग,
अ. आ. मी तुझी मानांग, दोनच वर्षांनी मोठी बहीण, तरी आशीर्वाद देते आहे, हसू नकोस.

हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे. पहिली तीन फाडली, कारण त्यांत मी फार चांगली दिसत होते.

तिया पुराने मला कांडीचं सांगितलं. तारेच्या दिवसाचं सांगितलं. तिचं पत्र आणि माझ्या वहीतली त्या दिवसांची पानं सोबत ठेवते आहे. तू नवव्या दिवशी दारात डबा घेऊन ‘नानाय, बघ काय आणलंय’ म्हणत आलीस, तेव्हा तुला माहीतच नव्हतं. आत बायका प्रार्थना म्हणत होत्या आणि तू हसत होतीस. मी उठून तुझ्यापुढे येऊन म्हणाले, ‘कॅमेरा नाही म्हणून रडत नाहीस का?’ हे वाक्य मी वहीत लिहिलेलं नाही. बाकी सगळं लिहिलं, जेवायला काय होतं तेही. हेच नेमकं वगळलं, म्हणजे दहाव्या वर्षीही मला कळत होतं की ते वाईट आहे. पस्तीस वर्षं मी तुला निष्ठुर म्हणत आले, आणि त्यामुळे स्वतःला प्रेमळ समजत आले. हे सोपं होतं. मुलांना इतिहास शिकवते, पुरावा तपासा असं बजावते. तुला मात्र एकदाही विचारलं नाही.

मला क्षमा कर. हे मी तुझ्यासाठी मागते आहे की माझ्या झोपेसाठी, ते नक्की सांगता येत नाही. दोन्ही असावं.

आणि एक विचार आला, तो तुला विचारल्याशिवाय छापणार नाही. धक्क्यावरचं तुझं रडणं खरं होतं, सिसांग. आम्ही पेटीपाशी होतो, तू नव्हतीस, पण त्याच वेळी तूही नानायसाठीच रडत होतीस. गाव इतकी वर्षं ज्या आसवांवर रडलं, ती एका लेकीचीच होती. पुस्तिकेत मी हे लिहू का? म्हणजे तुला हसत आलेली म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील. त्यांत पहिलं तोंड माझं आहे.

तू जत्रेला ये. माझ्याकडे उतर. तोतोच्या मुली तुझ्या चपला लपवतील.

तुझी मानांग,
गोरिंग


दवाव
२ मे १९८५

प्रिय मानांग गोरिंग,
सा. न. वि. वि. तुझं अक्षर अजून मास्तरणीचंच आहे. दुकानात मागे कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून वाचलं आणि मग एका गिऱ्हाइकाला अर्धा मीटर कमी कापून दिला. बाई म्हणाली, तुमचं लक्ष कुठाय? तिने मला ओळखलं नाही. कुणीच ओळखत नाही. बरं आहे.

तू जे लिहायचं म्हणतेस ते फार सुंदर आहे. छापू नकोस.

तिया पुराने पहिल्यांदा नानाय मेली असं सांगितलं, तेव्हा मी सहा वर्षांची होते. खरी रडले. दुसऱ्यांदाही. पुढे एकदा मला दिसलं की रडायच्या आधीच ती कांडी थर्मासमध्ये तयार ठेवते. मग मी विश्वास ठेवणं सोडलं. पण तिला तसं कळलं तर तिचं काम जाईल असं वाटायचं. म्हणून ती कानाशी आली की मी डोळ्यांची उघडझाप थांबवायची. पाणी येईपर्यंत थांबवायची. ओठ कसे हलवायचे ते मी आरशात ठरवलं होतं.

धक्क्यावरही तेच केलं. त्या दिवशी तियाचा आवाज थरथरत होता. कांडी खाताना मी तिला म्हणालेसुद्धा, तिया, आज तूपण छान केलंस. तिने हे तुला लिहिलेलं दिसत नाही.

तेव्हा ती आसवं लेकीची नव्हती. नानाय तिकडे पेटीत होती आणि मी इकडे तिच्या मरणाचा सुरेख अभिनय करत होते. दाखवा सिनेमा. काम चांगलंच झालंय. मी एकदा पाहिला तेव्हा मला अभिमान वाटला, त्याची लाज अजून जात नाही. पण ते खरं होतं असं कुणी छापू नका. खरं म्हणजे काय असतं, ते मला दारात कळलं. तेव्हा मी रडले नाही, कारण तू जे म्हणालीस ते बरोबर आहे असंच मला वाटलं.

क्षमेचं म्हणतेस. मी चार सिनेमांत क्षमा केली आहे, सावत्र आईला, दारुड्या बापाला. मान कुठे वळवायची, आवाज कुठे खाली आणायचा, सगळं येतं. मी ‘केली क्षमा’ असं लिहिलं तर तुलाही खरं वाटणार नाही आणि मलाही. म्हणून लिहीत नाही. जत्रेला येत नाही. पानावर बेबी मारिविक लिही, चपलांचं लिही. सिसांग लिहू नकोस.

तिया पुराच्या पत्राबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुझ्या वहीतलं पेटीवरून उचलल्याचं मात्र परत परत वाचलं. घरी बायकांच्या बोलण्यात ते तेव्हाच कानावर आलं होतं, आणि मनिलाला परतल्यावर माझ्या ध्यानात आलं होतं, की तुम्हा दोघांना पलीकडे दिलं आहे, तेव्हा नानाय तुमच्याकडे येऊ शकत नाही. राहिलेली मी एकटी. तिया घाबरायची, दिवा चालू ठेवायची. मी मुळीच घाबरले नाही. कितीतरी वर्षं मी चटईची कड मोकळी सोडून निजायची. आई परत आली की कसं पळायचं, कसं बिलगायचं, मला सगळं पाठ होतं.

सिनेमात मी हाक मारली की प्रत्येक आई यायची, फार तर दुसऱ्या खेपेला. नानाय आली नाही. तिलाही वाटलं असेल, ही अभिनय करतेय.

लोभ असू दे. हे मात्र खरं लिहिते.

सिसांग