गुलाबी केसांच्या पोरीचा नाच

१९ जानेवारी २०१६
आज पुन्हा सकाळपासून लॅपटॉप! लेक भूमे अंघोळीआधीच बसते. देवाला हात जोडणं नाही, काही नाही. नागपूरला कार्टूनचा कोर्स केला तेव्हा वाटलं होतं, पोरीला टेबल-खुर्चीची नोकरी लागेल. आता घरी बसून बाहुली काढते. जपानी तऱ्हेची म्हणे — डोळे बशीएवढे, नाक टिंबाएवढं, केस गुलाबी. लेकरांच्या गाण्यावर तिला नाचवायचं आहे.
सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "पोरीले बाहुल्या नाचवाले शिकवलं, सयपाक कवा शिकवशीन?" म्हणजे चूक माझीच. नेहमीप्रमाणे.

२७ जानेवारी
चतुर्थी. उपास. बाहुलीचं काम देणाऱ्या नागपूरच्या साहेबाने ते परत पाठवलं. फोनवर त्याचा आवाज मला चुलीपर्यंत ऐकू आला — "बेटा, गुडिया क्यूट है, पर नाच में जान नहीं है." पुन्हा असंच झालं तर काम दुसऱ्याला देणार. भूमे जेवली नाही. तिच्या ताटातलं गाईला घातलं.

३० जानेवारी
भूमे म्हणते, एका सेकंदाच्या नाचासाठी बारा चित्रं काढते, तरी बाहुली लाकडीच वाटते. खरं माणूस समोर नाचताना दिसायला पाहिजे. "आई, तू नाचत होती नं? आत्या सांगत होती."
मी उठून तांदूळ निवडायला बसले.
नाचत होते. एकदाच. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, दिराच्या लग्नात. आमच्यात वरात निघून गेली की मागे राहिलेल्या बायका दार लावून नाचतात. पुरुषाची नजर नसते, त्यात पाप नाही. मी आधी एक छोटा ठेका घेऊन टाच आपटली, अर्धी गिरकी घेतली आणि कोंबडीसारखी मान उडवली. बायका हसून लोळल्या! सासूबाईंनी सगळ्यांसमोर दंड धरून बसवलं — "नाचनारीन आनली का मी घरात?" त्यानंतर कुठेही ढोलकी वाजली की मी आपली चुलीकडे.

३ फेब्रुवारी
केलं! हे धान घेऊन गोंदियाला गेले होते, सासूबाईंचा डोळा लागला होता. पदर खोचला. भूमेने मोबाइल धरला. आधी पाय उठेना. मग उठला तो थांबेना! गुडघा अजून ठणकतो आहे.
नंतर मात्र धस्स झालं. भूमेला घरदेवाच्या चौरीपाशी, देवखोलीतल्या मातीच्या ओट्यापाशी नेलं. हात ठेव, हा नाच माझा आहे हे कोणालाही सांगायचं नाही, शपथ घे. तिच्या हातावर मीही हात ठेवला. देवापुढे एकट्या लेकीला कशी बांधू?

२६ फेब्रुवारी
साहेब खूश. गाणं यूट्यूबवर आलं. ती गुलाबी केसांची पोर — टाच, गिरकी, मान! माझीच मान! टाचेआधीचा छोटा ठेका मात्र भूमेने गाळला. गाण्यात बसत नव्हता म्हणे.

१३ मार्च
आमच्या मुर्री गावातली लेकरं अंगणाअंगणात तोच नाच करतात. आज पेपरवाला भूमेची मुलाखत घ्यायला आला. यांनी त्याला खुर्ची पुसून दिली.
"नाच कोणी बसवला?"
भूमेने माझ्याकडे पाहिलं. मी चौरीच्या खोलीकडे पाहिलं.
"मीच," ती म्हणाली.
"बापावर गेली पोरगी!" हे म्हणाले. बापावर! वरातीत बँड वाजला तरी खुर्ची न सोडणारा माणूस! मी एवढंच म्हटलं की मान छान जमली आहे. तर — "तू चूप राय वं. तुले का समजते नाचातलं?"
आत जाऊन कप विसळले. एकाचा कान तुटला. तुटू दे.

१४ मार्च
भूमेने विचारलं, "आई, सांगून टाकू का?" शपथ मोडायची? नाही म्हटलं.
पण तिने एकदाच विचारलं.

१५ एप्रिल
रामनवमी. फुलं वाहिली. मागितलं काही नाही. मागायचं ते मीच शपथेत बांधून ठेवलं आहे.

२२ एप्रिल
दिराच्या मुलाची, टिकेशची वरात दवनीवाड्याला गेली. मागे दार लागलं. शेजारच्या दामिनीने मोबाइलवर तेच गाणं लावलं आणि मला ओढलं.
"काकू, असा पाय टाका! नाई नाई, चुकून राहिल्या तुमी. पयले टाच. भूमेताईचा व्हिडिओ नाई पाह्यला का?"
माझा पाय आपसूक टाचेआधीचा ठेका घेत होता. पोरी खो-खो हसल्या. "काकूले काई जमत नाई वं!" भूमे हसली नाही. खाली मान घालून बांगड्या फिरवत राहिली.
मी जागेवर येऊन बसले. पुढचं आज लिहवत नाही.

२३ एप्रिल
मी बसल्यावर सासूबाई भिंत धरून उठल्या. मला वाटलं, आता पुन्हा तेच ऐकायचं.
"तिले कायले शिकवता वं? तिचाच होय तो नाच. टाचेच्या आंधी एक ठेका रायते, तो तुमीच सोडून राहिल्या."
आणि काठीने जमिनीवर तो ठेका वाजवून दाखवला. अगदी बरोबर!
म्हणजे इतकी वर्षं त्यांना पाठ होता.