तिसऱ्या मशीनचं दार

५ मार्च
आलो एकदाचे! क्वार्टर दोनच खोल्यांचं, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून अख्खं धरण दिसतं. भिंतीला कान लावला की वीजघराची घरघर ऐकू येते. बायको म्हणाली, बरं झालं, आता तुझं घोरणं त्यात खपून जाईल.

७ मार्च
वीजघर डोंगराच्या पोटात आहे. धरणाचं पाणी जाडजूड नळातून खाली कोसळतं, टर्बाइन फिरवतं आणि वरचं जनित्र वीज करतं. मशीन तीन. तिसरं दुरुस्तीसाठी बंद, त्यामुळे वरची झडप लावलीय आणि नळ ठणठणीत कोरडा. आत शिरायला वाकून जाण्याएवढं लोखंडी दार. फोरमनकाका भारी थट्टेखोर. पहिल्याच दिवशी मला जावईबापू करून टाकलं.

९ मार्च
त्या दारावर ओल्या हातांचे ठसे होते. पुसले. जेवून आलो तर पुन्हा. काकांना दाखवले. त्यांचं हसू मावळलं.

१० मार्च
काकांनी अखेर तोंड उघडलं. गेल्या वर्षी एक फिटर तिसऱ्या मशीनच्या आत असतानाच पाणी सोडलं गेलं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. अंगावरचा कपडासुद्धा हाती लागला नाही. सांगताना काका माझ्याकडे बघत नव्हते.

१२ मार्च
दुपारी बायकोचा फोन, चिडलेली. एवढा चिंब भिजून कसा आलास, आणि निळा शर्ट चढवून एक शब्द न बोलता कसा निघून गेलास?
मी सकाळपासून इथेच होतो.

१३ मार्च
तिला माहेरी जा म्हटलं. ऐकत नाही. साहेबांकडे बदली मागितली, ते हसले. उद्या तिसरं मशीन सुरू करायचं. त्याआधी आत जाऊन बघायचं काम माझ्याच गळ्यात—

१४ मार्च
आत आहे. बॅटरीच्या उजेडात लिहितोय. परत फिरलो तर दार लागलेलं, बाहेरून. पाना आपटतोय, ओरडतोय, बाकीच्या मशीनच्या आवाजात कुणाला—

बोल्ट बसवलेत, अजून आवळले नाहीत. फट आहे. काकांसमोर कुणीतरी पाठमोरं उभं. माझा निळा शर्ट.

त्या आवाजात काका ओरडून विचारताहेत, जावईबापू, आत कुणी राहिलं नाही ना?

तसंच ओरडून, माझ्याच आवाजात, "कुणी नाही काका. सोडा पाणी. मी घरी जातो, ती वाट बघत असेल."

काका हसले. बोल्ट आवळताहेत—

वरून गार वारा. नळ गुरगुरतोय—

हे कुणाला सापडलं तर तिला सांगा. तो मी ना