गोलरक्षकाच्या नावातला जादा स्

१२ एप्रिल
या क्रीडावार्ताहराला पंचांनी छळलं, पावसाने छळलं, संपादकाने तर वीस वर्षं. आता गोलरक्षकसुद्धा! तारास, आमच्या गावच्या संघाचा नवा पाहुणा, युक्रेनमधल्या खारकीव्हचा. आमचं साप्ताहिक नाचवतच आला. "काका, माझ्या नावात दोन स्? एक कुणाचा चोरलात?"
अरे बाबा, लाटव्हियन भाषेत पुरुषाचं नाव प्रथमेत स् घातल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. संस्कृतातला विसर्गच तो. तिकडे देवः, इकडे दिएव्स. म्हणून तू तारास्स!
"मग अडवलेले चेंडूही दुप्पट छापा."
रीगाला चार वर्षं संस्कृत घोकलं, ते बहुधा यासाठीच.

२६ एप्रिल
०–०. त्याने पेनल्टी अडवली. तारास्सच छापलं. रुसला.

२२ मे
आमच्या कॅलेंडरात रोज कुठल्या ना कुठल्या नावाचा दिवस असतो; ज्यांचं नाव त्यात नाही, त्या सगळ्यांचा आज नामदिन. संघाचे कपडे धुणाऱ्या वेल्टामावशींनी केशर-मनुकांचा गोड पाव, क्लिंगेरिस, भाजून आणला. "खा रे, बिनकॅलेंडरच्या!" पोरं खिदळत होती. तेवढ्यात तारासचा फोन वाजला — थोरला भाऊ युद्धाच्या आघाडीवर जखमी. पाय गेला.
हातातला तुकडा त्याने परत ताटात ठेवला.

२३ जून
सामना नाही. मध्यग्रीष्माच्या सणाची रात्र, अख्खं गाव शेकोट्यांपाशी, बिअर आणि चीज. मला बसवेना. मैदानावर गेलो, तर तारास भिंतीवर चेंडू मारतोय. एकटाच. तसाच परतलो.

९ ऑगस्ट
गुणतक्त्यात तिसरे आहोत. दुसरे आलो तर वरच्या श्रेणीत जायची लढत मिळेल. पण तारास म्हणतो, सप्टेंबरात घरी जाणार, लढायला. प्रशिक्षक माझ्या मागे — "तुमचं ऐकतो तो. निदान मोसम संपेपर्यंत थांब म्हणावं!"
सांगून पाहिलं.
"काका, भावाच्या तुकडीला मोसम नसतो."


१३ सप्टेंबर
जिंकलो. दुसरे! तारास शेवटपर्यंत अभेद्य. वेल्टामावशी रडल्या, त्याचे हातमोजे धुवायलाच तयार नाहीत.

१४ सप्टेंबर
घरी जाणारी त्याची बस हलली तेव्हा ओरडलो, "तारास!"
खिडकीतून हसला. "काका, स् कुठे गेला?"
"संबोधनात गळतो!" हाक मारताना आमच्याकडे प्रत्यय लागत नाही. ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

२ नोव्हेंबर
वरच्या श्रेणीची ती लढत हरलो. बातमी दिली. गाव हळहळतंय, मला त्याचं काही वाटत नाही.
अकरा दिवस तारासचा निरोप नाही. त्याचं नाव मला पुन्हा प्रथमेत, त्या जादा स् सकट, छापावं लागेल, काळ्या चौकटीत — याची भीती वाटते.