गच्चीवरचं यंत्र रुसलं आहे

मयूर विहार, श्रावणातला रविवार

प्रिय सूर्यकांत,

साष्टांग घालायला कंबर राजी नाही, तेव्हा हा उभ्यानेच केलेला नमस्कार पदरात घे. अहिल्यावहिनींचा गुडघा साताऱ्याच्या हवेत वाकू लागला असेल, असं धरून चालतो. आम्ही ठीक. प्रभाही ठीक, फक्त माझ्यावर जरा जास्त लक्ष ठेवून असते, आणि त्याला कारण तुझं ते पेट्रोलवरचं प्रेशर वॉशर.

तू गेल्या गणपतीनंतर सामान बांधलंस आणि यंत्र मला सोपवलंस. (सोसायटीत एवढे इंजिनिअर असताना, आयुष्यभर मुलांकडून धातुरूपं घोकून घेतलेल्या माणसाला!) यंदा तू नसताना पहिलाच गणपती. महाप्रसादाची पंगत गच्चीवरच बसणार आणि गच्चीवर कबुतरांनी वर्षभराचा ऐवज जमा केलेला. फोनवर तुला 'ये' म्हटलं, तर तू म्हणालास, "आता तिकडे येऊन मी काय करू? पाहुण्यासारखा खुर्चीत बसून राहू?" मग मी फोन ठेवला आणि यंत्र बाहेर काढलं.

ते सुरूच होईना. चोक ओढला, दोरी ओढली, शेवटी देवाचं नाव घेतलं. मग आठवलं की टाकीतलं पेट्रोल तुझ्या वेळचं आहे. लोणचं मुरावं, पेट्रोल मुरू नये, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते काढून ताजं भरलं, तर आता दोरीच जागची हलेना. मी पाय रोवून असा हिसका दिला की यंत्र तिथेच राहिलं आणि मी पाण्याच्या टाकीपर्यंत पोचलो. आत पाण्याचा दाब अडकलेला असतो, आधी धार सोडणाऱ्या बंदुकीचा खटका दाबून तो सोडायचा, हे तू दरवर्षी माझ्यासमोर करायचास. मला वाटायचं, तुझी सवय आहे, पानवाला कात्री उगाच वाजवतो तशी.

अखेर इंजिन धडधडलं, पण धार अशी की तर्पणाला पुरावी. टाचणीने नोझल टोकरलं, नळ पूर्ण सोडला, नळीतली हवा जाऊ दिली. कबुतरं निवांत बघत होती. शेवटी प्रभाने पाणी आत घेणारं तोंड उघडलं आणि ओरडली, "अहो, यात तर भात झालाय!" खंडेनवमीला मी यंत्राची यथासांग पूजा केली होती. त्या अक्षता, कुंकवासकट, जाळीत बसून फुगल्या होत्या. (तनया म्हणाली, "बाबा, मशीनला राईस कोण भरवतं यार?" पोरीला अक्षता हा शब्द समजावता समजावता माझीच पूजा झाली.) जाळी धुतली आणि धार सुटली. काय धार! कबुतरं थेट यमुनेपार गेली.

गच्चीचा एक कोपरा चकचकीत झाला. मी थांबलो. ओल्या फरशीवर तू दोन खुर्च्या मांडायचास, एक पाय माझ्या खुर्चीच्या दांडीवर टाकून चहा प्यायचास आणि समोरून जाणाऱ्या मेट्रोला नावं ठेवायचास. मी एकच खुर्ची मांडली. चहा तोच, साखर तीच, पण मेट्रोला नावं ठेवायची म्हणजे समोर ऐकणारा लागतो. खाली तुझ्या बाल्कनीत नव्या लोकांची योगासनाची चटई वाळत होती. सज्जन लोक आहेत रे, तक्रारीला जागाच ठेवत नाहीत.

आणि दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा बंद! पेट्रोल ताजं, इंजिनमध्ये तेल पुरेसं, खटका दाबलेला. आपले सेक्रेटरी दीनानाथ दोरी ओढून लालबुंद झाले. "अरे यार विश्वनाथ, ही तर गेली! कबाडीला देऊन टाकू." मग तेच म्हणाले, "नाहीतर सूर्यकांतला बोलवा. त्याचा हात लागल्याशिवाय ही बाई ऐकायची नाही." समितीने बिल्कुल एकमताने माना डोलावल्या. तेव्हा हे आमंत्रण माझं नव्हे, समितीचं आहे. माझं म्हणशील, तर मी आग्रह करणारा कोण?

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विश्वनाथ

ता.क. दीनानाथ तुला फोन करतील. काहीही सांग, पण 'स्पार्क प्लग बघा' एवढं सांगू नकोस. प्लग जागेवर नाही. तो माझ्या चष्म्याच्या जुन्या डबीत आहे.

ता.क. २. प्रभाला डबी सापडली. मला वाटलं, आता खैर नाही. ती म्हणाली, "तुमचं मन चार दिवसांत विरघळेल आणि गुपचूप जाऊन प्लग बसवून याल." डबी तिने आपल्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली आहे. म्हणजे आता मीसुद्धा काही करू शकत नाही. गणपतीच्या आधी ये.