झबलं गळ्यात अडकलं

१४ जून

ती. ताई,

नमस्कार. गुडघे काय म्हणतात? मलम लावतेस की नुसतं उशाशी ठेवतेस? दुकान बरं चाललंय. गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप घ्यायला मी अजून स्टुलावरच चढतो. परवा एक जण म्हणाला, "मास्तर, मीच खाली बसू का?" तू लहानपणापासून वीतभर म्हणतेस ते उगाच नाही.

नात गोड आहे. दुसऱ्या महिन्यात शिवलेलं झबलं तिला सातव्या महिन्यातही अगदी अंगाबरोबर बसत होतं. याला म्हणतात बेतणं, असं मी गल्लीभर सांगत सुटलो होतो. तपासणीला नेलं तेव्हा नर्सबाईंपुढेही शेखी मिरवली. त्यांनी तिची लांबी मोजली, वजन केलं आणि म्हणाल्या, "मास्तर, यात तुमची कमाल काही नाही. बाळ वाढलंच नाहीये."

मी गळ्यातली टेप काढून खिशात घातली.

मग त्यांनी सूनबाईला विचारलं, वरचं दूध कसं बनवतेस? ती म्हणाली, बाटलीभर पाण्यात एक चमचा पावडर. डब्यावर चार लिहिलेत. "कोणी सांगितलं?" सूनबाईने माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे. पंखा बंद होता, तरी बघत राहिलो.

ताई, बाळंतपणाला आलीस तेव्हा तूच शिकवलंस, जड दूध पचत नाही म्हणून. बाई म्हणाल्या, पहिल्या दोन वर्षांत पोटाला कमी पडलं तर खुंटलेली उंची पुढे सहसा भरून येत नाही. मग त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. त्याला फार वेळ लागला नाही.

आता चार चमचे, शिवाय घट्ट मऊ भात, त्यात अंडं कुस्करून. महिन्याभरात झबलं गळ्यातच अडकलं, कात्रीने कापून काढावं लागलं. कपडा वाया गेल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पुढच्या आठवड्यात येशील तेव्हा दूध मात्र सूनबाईलाच करू दे. हे एवढं लिहायला मला तीन दिवस लागले. कारण वाचलंस की तू माझं बाळपण आठवून रडत बसणार.

बसू नकोस. आई अंथरुणाला खिळलेली, घरात एकच डबा आणि तू नऊ वर्षांची. तो महिनाभर पुरावा म्हणून पाणी वाढवलंस, स्वतः मात्र त्याला बोटसुद्धा लावलं नाहीस. तूही काही ताडमाड वाढली नाहीस. मी बुटका आहे, पण आहे ना, ताई.

कापलेलं झबलं सोबत पाठवतोय, जपून ठेव. आलीस की नवं बेतू. या वेळी चार बोटं सैल.

तू जगवलेला,
तुझा वीतभर