शेजारी गेलेली वाटी

आई, तुझी ती कडा चेपलेली स्टीलची वाटी शेजारी गेली आहे आणि अजून परत आलेली नाही, असं सकाळी लिहायला घेतलं होतं. शेजारी म्हणजे सोलापुरात नव्हे, जर्मनीत. इथल्या पोरांना संस्कृत शिकवायला सोलापूरचा माणूस लागतो, यावर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. शिकवणं जमलं, राहणं अजून शिकतोय. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या रंग बघून टाकायच्या, आणि न कळवता कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही तो, असं मी वर्गात सांगतो तेव्हा पोरांच्या चेहऱ्यावर काळजी दिसते.

माझ्याच मजल्यावर, समोरच्या घरात एक आजी एकट्या राहतात. मी राहायला आलो तेव्हा त्यांनी बशीतून केक आणून दिला. इथं बशी धुऊन परत केली की विषय संपतो. पण बशी पुसताना मला तू ऐकू आलीस. मी शेजारच्या तेलुगू अम्मांची वाटी घेऊन दाराबाहेर पळतोय, आणि तू ओट्यापाशी भाकरी थापताना मान वर न करता म्हणतेस, "रिकामी न्हेतोस व्हय रे? गुळाचा खडा तरी टाक की तिच्यात." मी म्हणतो, "मग त्या परत काहीतरी घालून पाठवतील." "पाठवू दे की. वाटी कशाला असती मग?"

तर मी बशीत शेंगाचटणी घालून दिली. आजींनी ती लोणी लावलेल्या पावावर पसरून खाल्ली, बराच वेळ नाक पुसलं, आणि दुसऱ्या दिवशी सफरचंदाचा मुरंबा घेऊन दारात हजर. मग माझा शिरा, मग त्यांचं सूप. आमच्याकडे भांडं रिकामं फिरत नाही, हे मी त्यांना एकदाच सांगितलं. इथल्या माणसाला नियम सांगणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाकडूनच अपवाद सांगायचा राहून गेला.

तुझ्या वाटीतून गव्हाची खीर गेली आणि पुढं काहीच आलं नाही. त्यांच्या खिडकीचं शटर अर्ध्यावर, टपालपेटीत वर्तमानपत्रं अडकलेली. खीर बाधली असेल का? मी जिन्यात उगाच बुटांच्या नाड्या सोडतो, बांधतो. बेल वाजवावी तर आगाऊपणा, चिठ्ठी टाकावी तर वाटी मागितल्यासारखं. तू असतीस तर मागच्या दारातून "अम्मा, हाय का घरात?" म्हणून ओरडली असतीस आणि उत्तराआधीच आत शिरली असतीस.

दुपारी बेल दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. मग पाय ओढल्याचा आवाज, आणि दाराला साखळीएवढी फट. आजींचा उजवा हात प्लास्टरमध्ये. न्हाणीघरात घसरल्या होत्या.

"मला हाक का नाही मारली?"

त्या ओशाळल्या. "एका हाताने केक फेटता येत नाही. वाटी रिकामी कशी आणू?" माझी पावलं वाजली की त्या दिवा मालवून बसत होत्या. आत टेबलावर तुझी वाटी, डाव्या हाताने घासून लख्ख केलेली, पालथी.

मी म्हणालो, हात मोडला असेल तर सोलापुरात रिकामी वाटी चालते, तसा अपवादच आहे.

"जुना आहे?" त्यांनी डोळे बारीक करून विचारलं.

"फार जुना."

आता त्यांचं शटर पूर्ण वर आहे आणि माझ्याकडे आमटी उकळतेय, दोघांपुरती. हे पत्र टाकायला पेटी नाही, ते बरंच आहे. अपवाद मी तिथंच उंबऱ्यावर रचला, आई. आणि रिकामी वाटी घरी आणताना, तू बघशील म्हणून, सदऱ्याखाली लपवली.